पाण्याच्या बाटलीतलं रॉकेल

मे महिन्यातली दुपार. नणंद मुलांना घेऊन सुट्टीला आलेली, घरभर गलका. मी जिन्याखालच्या सावलीत सायकल उलटी करून चेन घासत बसले होते. शेजारी लिटरची पाण्याची बाटली आणि तिच्यात निम्मं रॉकेल. साडेतीन वर्षांचा भाचा उन्हातून आला, घामानं निथळत, आणि काही न विचारता त्यानं ती बाटली दोन्ही हातांनी उचलली. टोपण मी नुसतं वर ठेवलेलं, फिरवून लावलेलं नव्हतं. बाटली ओठाला लागायच्या आत माझा हात पोचला. रॉकेल त्याच्या छातीवर सांडलं, तो घाबरून रडायला लागला. कपडे काढून त्याला साबणानं धुतलं, तोंड पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं. पोटात थेंबही गेला नव्हता. तरी संध्याकाळपर्यंत तो खोकतोय का, याकडेच माझे कान होते.

"असलं पाण्याच्या बाटलीत ठेवतात का गं?" एवढंच सासूबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, त्यामुळं जास्त लागलं.

रॉकेल गिळलं तर खरा धोका पोटाला नसतो, फुप्फुसांना असतो. ते इतकं पातळ की गिळताना ठसका लागला किंवा उलटी झाली की श्वासनलिकेत उतरतं आणि आत पसरतं. म्हणून रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवायची नसते, आहे तसं उचलून दवाखान्यात न्यायचं असतं. हे मला माहीत होतं आणि तरीही मी बाटली तशी ठेवली होती. लहानपणी आमच्याकडे रेशनचं रॉकेल यायचं ते निळं. काळाबाजार ओळखू यावा म्हणून त्यात रंग घालत, पण त्या रंगाचा आपसूक एक उपयोग होता, हे पाणी नव्हे हे पोराटोरांनाही दिसायचं. आता रेशनचं रॉकेल आमच्या कार्डावर बंद आहे. मी आणलेलं खुल्या बाजारातलं होतं, पाण्यासारखं नितळ.

त्या रात्री ठरवलं, चेन कशानं धुवायची हे आता नीट शोधायचं. "सगळे रॉकेलच वापरतात" एवढ्यावर भागवायचं नाही.

चेन धुतलीच नाही तर? तसं सोलापुरात चालत नाही. मी पहाटे साडेपाचला जुळे सोलापुरातून निघते, विजापूर रोडनं संभाजी तलावाकडून शहरात, आणि रविवारी तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावापर्यंत. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं, गुडघे ऐकेनात म्हणून सायकल घेतली, आणि आता ती सोडवत नाही. पण आपली काळी माती. ओली असली की चाकाला लाडवासारखी चिकटते, वाळली की पिठासारखी उडते. हे पीठ चेनच्या तेलात कालवलं गेलं की त्याची बारीक कानस तयार होते. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते, तिच्याभोवती आतल्या पट्ट्यांची कड आणि त्या कडेवर फिरणारा रोलर असतो, आणि ही कानस नेमकी पिन आणि त्या कडेच्या मध्ये काम करते. पिना झिजल्या की चेन लांबते. नवी चेन मोजली तर बारा इंचांत बरोबर चोवीस पिनांची अंतरं बसतात. तेवढ्याच अंतरांना बारा इंच आणि वर एक सोळांश इंच लागायला लागला की चेन अर्धा टक्का लांबली. आणखी थोडी लांबली की ती मागच्या दात्यांनाही खाते, आणि मग नुसत्या चेनच्या खर्चाची गोष्ट हजारोंवर जाते. तेव्हा चेन स्वच्छ ठेवायचीच, फक्त कशानं, एवढाच प्रश्न.

सुरुवात रॉकेलपासूनच केली, कारण तेच घरात होतं. रॉकेल चेन चांगली धुतं यात शंका नाही. तेही तेलच, त्यामुळं ग्रीस त्यात सहज विरघळतं. आमच्या सायकलवाल्या चाचांनी मला समजावलं होतं, "ताई, पेट्रोल नको, भडकतं. रॉकेलला काही होत नाही." तेव्हा पटलं होतं. पेट्रोल उणे चाळीस अंशालाही पेट घेईल इतकी वाफ सोडतं, शिवाय त्यात बेंझिन असतं, ज्यानं रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पेट्रोलचा विषय तिथंच संपला. पण रॉकेल?

प्रत्येक ज्वालाग्राही द्रवाचा एक ज्वलनांक असतो, इंग्रजीत फ्लॅश पॉइंट म्हणतात तो. त्या तापमानाला द्रवावर एवढी वाफ जमते की ठिणगी मिळाली तर ती पेटते. रॉकेलचा ज्वलनांक कमीत कमी ३५ अंश सेल्सियस असावा, असं भारतीय मानक सांगतं, आणि प्रत्यक्षात तो बहुधा त्याच्या थोडासाच वर असतो. पुण्याच्या हिवाळ्यात किंवा थंड देशात हा आकडा सुरक्षित वाटेल. सोलापुरात मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४३ वर जातो. म्हणजे ज्या दुपारी मी जिन्याखाली बसले होते, त्या दुपारी माझ्या परातीतलं रॉकेल ज्वलनांकाच्या वर होतं. चार हातांवर स्वयंपाकघराची खिडकी, तिच्या आत पेटलेली शेगडी. इतकी वर्षं आपण "रॉकेल सुरक्षित" म्हणत आलो, ते थंड प्रदेशाचं ज्ञान आपल्या उन्हाळ्यात वापरत होतो. सगळ्या शोधात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. डिझेलचंही असंच, त्याचीही किमान मर्यादा ३५ अंशच आहे. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन याच पंगतीतलं. आणि थिनर पेट्रोलच्या वळणावर जाणारं, वर सायकलचा रंगही सोडवणारं.

रॉकेलनं माझ्या हातांचं काय केलं होतं हेही मग लक्षात आलं. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून फुटत होती, मी ती भांड्यांच्या साबणावर ढकलत होते. रॉकेल कातडीतलं तेल ओढून घेतं, आणि ते रोज झालं की कातडी चिरते. मेडिकलमधून हातमोजे आणले तेही चुकीचे निघाले. साधे रबरी, म्हणजे लॅटेक्सचे मोजे रॉकेलमध्ये फुगतात आणि ढिले पडतात. नायट्राइलचे हवेत, बहुधा निळ्या रंगात मिळतात ते.

नवरा म्हणाला, गाड्या धुणारे जे वापरतात ते आण, त्यात रॉकेल नसतं. आणलं. जांभळं द्रव, पाच लिटरचा कॅन, इंजिनवरची काजळी एका फवाऱ्यात उतरवतं असं दुकानदाराचं म्हणणं. खरंच उतरली. चेनवर मारलं, घासलं, धुतलं, चेन नव्यासारखी. पण पुढची ॲल्युमिनियमची चक्री आणि क्रँकचा दांडा दुसऱ्या दिवशी करडा, डागाळलेला. पुसून जाईना. जणू भांडं जळल्यावर घासून काढावं तसा निस्तेज.

शेजारचे अण्णा भिंतीपलीकडून बघत होते. अण्णांनी तीस वर्षं अक्कलकोट रोडकडच्या एका डाइंगमध्ये काढली, चादरी-टॉवेलांचं सूत रंगवण्यात. त्यांनी कॅनचं टोपण उघडून लांबूनच हात हलवून वास घेतला, एक थेंब दोन बोटांत चोळून लगेच धुतला. "बुळबुळीत लागतंय बघ. कॉस्टिक सोडा आहे यात. आम्ही सूत शिजवायला वापरत होतो. ॲल्युमिनियमचं भांडं डाइंगमध्ये आत येऊ देत नव्हते, माहितीये?" का, असं विचारलं तर म्हणाले, "खातं ते ॲल्युमिनियमला. बुडबुडे येतात, भांडं संपतं." मग आपल्या मनगटावरचा जुना पांढरा डाग दाखवला. कॉस्टिक पाण्यात टाकायचं असतं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नसतं, हे एका नवख्या पोरानं उलटं केलं होतं, त्यावेळचा.

बोटांत चोळून बघू नका, अण्णांना त्याची सवय आहे. मी नवी पेठेत शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून पीएच पेपरची पट्टी घेतली, शंभरेक रुपयांत. पीएच म्हणजे द्रव किती आम्ल किंवा आम्लारी आहे याचं माप, ७ म्हणजे न्यूट्रल, खाली आम्ल, वर कॉस्टिकसारखं आम्लारी. मला तो खर्च सायकलीवरचा सर्वांत कामाचा वाटतो. ॲल्युमिनियमवर एक अदृश्य ऑक्साइडचा थर असतो, तोच त्याचं कवच. द्रवाचा पीएच साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान असेल तर ते कवच टिकतं, त्याच्या अलीकडं किंवा पलीकडं गेलं की विरघळायला लागतं. जांभळ्यात पट्टी बुडवली तर ती गर्द निळी-जांभळी झाली, १३ च्या घरात. मग वेडच लागलं, घरात जे दिसेल त्यात पट्टी. कपड्यांची पावडर पाण्यात घोळली तर १० च्या पुढं. भांड्यांची वडी, जिच्यावर माझा सर्वांत जास्त विश्वास होता, तीही १० च्या आसपास, कारण तिच्यात धुण्याचा सोडा असतो. शिवाय दगडाची बारीक पूड असते, ती घासायला म्हणून घातलेली, आणि चेनच्या आत तीच पूड कानशीचं काम करणार. चुलीतल्या राखेचंही तसंच, खारी आणि खरबरीत. भांड्यांचं पातळ लिक्विड मात्र ७ वर. सासूबाईंनी रिठे उकळून दिले, "आम्ही पैठण्या यानंच धुतल्या." तो ५ च्या थोडा खाली.

आम्लाचं टोकही पाहून ठेवलं. सायकल ग्रुपमधला एक मुलगा गंजलेली चेन संडास धुण्याच्या लिक्विडमध्ये बुडवतो, पाच मिनिटांत चकचकीत निघते म्हणाला. त्या लिक्विडात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. मला नव्या चेनसोबत आलेला कागद आठवला. मी तो कधी उघडला नव्हता, घडी तशीच ड्रॉवरमध्ये. शिमानो या कंपनीची चेन आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की चेन सौम्य, न्यूट्रल डिटर्जंटनं धुवावी आणि गंज काढण्याच्या द्रवासारखे आम्लारी किंवा आम्लधर्मी पदार्थ कधीही वापरू नयेत, चेन तुटून गंभीर इजा होऊ शकते. कडक केलेल्या पोलादात आम्लामुळं हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. बाहेरून चकचकीत दिसणारी पट्टी चढावर उभं राहून पेडल मारताना तुटली, तर माणूस हँडलवरून पुढं जातो. त्या मुलाला मी तो कागद मोबाइलवर फोटो काढून पाठवला आणि फोनही केला. त्यानं चेन बदलली.

आता रॉकेल नाही, कॉस्टिक नाही, आम्ल नाही. मग काय उरलं, हे बघायला मी गच्चीवर सावलीत जॅमच्या रिकाम्या बाटल्या मांडल्या. प्रत्येकीत जुन्या, काळ्या चेनच्या चार कड्या, पंक्चर ट्यूबचा तीन सेंटिमीटरचा तुकडा आणि खिडक्या करणाऱ्याकडून मागून आणलेली ॲल्युमिनियमची चकती. एकीत तुलनेसाठी रॉकेल, एकीत जांभळं, एकीत गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड, एकीत रिठ्याचं पाणी, एकीत संत्र्याच्या सालीचं म्हणून विकलं जाणारं डिग्रीजर, म्हणजे ग्रीस काढणारं द्रव, आणि एकीत सायकलच्या दुकानातलं पाण्यात मिसळणारं डिग्रीजर. प्रत्येक झाकणावर नाव आणि गच्चीच्या दाराला कुलूप. एक दिवस-रात्र ठेवलं.

जांभळ्यात चकतीवर पहिल्या तासातच बारीक बुडबुडे धरले, सकाळी ती काळपट. अण्णांना बोलावून दाखवली. रॉकेलमध्ये कड्या सर्वांत स्वच्छ, पण ट्यूबचा तुकडा फुगून साडेतीन सेंटिमीटरच्या पुढं गेलेला आणि बोटानं दाबला तर मेणासारखा मऊ. टायरवर आणि ट्यूबवर आपण किती वेळा रॉकेलचे शिंतोडे उडू दिले याचा विचार आला. रिठ्याच्या पाण्याला फेस भरपूर आला, वरवरचं ताजं तेल गेलं, पण सांध्यातला जुना चिकटा हलला नाही. रिठा साडीसाठी ठीक आहे. भांड्यांच्या लिक्विडात ग्रीस लगेच सुटलं नाही, मऊ पडलं, ब्रश लावल्यावर उतरलं. रबर तसंच, चकती तशीच.

संत्र्याचं डिग्रीजर मला आतून हवं होतं. वास छान, बाटलीवर हिरवं पान, "नैसर्गिक" असं मोठ्या अक्षरात. ग्रीसही रॉकेलइतकंच झटकन सुटलं. पण ट्यूबचा तुकडा त्यातही फुगला. तेव्हा त्याचा माहितीपत्रक-कागद शोधला. रसायनांच्या कंपन्या बहुधा एक सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षेच्या माहितीचं पत्रक, देतात, १६ भागांचं, जगभर एकाच क्रमानं. दुसऱ्या भागात धोके, नवव्या भागात ज्वलनांक आणि पीएच, बाराव्यात पाण्यातल्या जीवांवरचा परिणाम. एवढे तीन भाग वाचायला पाच मिनिटं लागतात. संत्र्याच्या सालीतलं ते द्रव्य म्हणजे लिमोनीन. त्याचा ज्वलनांक ४८ अंशांच्या आसपास, रॉकेलपेक्षा बरा, पण आमच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तोही फार लांब राहत नाही. उघड्या बाटलीत हवा लागून ते जुनं झालं की कातडीला ॲलर्जी आणणारे पदार्थ त्यात तयार होतात. आणि कागदावर चौकटीत एक चित्र होतं, वठलेलं झाड आणि उताणा मासा, म्हणजे पाण्यातल्या जीवांना घातक. हिरव्या पानाची बाटली आणि हे चित्र एकाच वस्तूचं आहे हे पचायला मला थोडा वेळ लागला. माझ्या फुटलेल्या बोटांना तर ते अजिबात चालणार नव्हतं.

दुकानातल्या पाण्याच्या डिग्रीजरनं ट्यूब आणि चकती दोन्ही तशाच ठेवल्या, आणि कड्या लिक्विडपेक्षा जास्त, रॉकेलपेक्षा कमी स्वच्छ केल्या. पट्टीवर ८. या प्रकारची दोन नावं दुकानात होती. एकाच्या कंपनीनं डेटा शीट लगेच पाठवलं, दुसऱ्याच्या विक्रेत्यानं "मॅडम, एकदम सेफ आहे" एवढंच सांगितलं आणि दोनदा विचारूनही कागद दिला नाही. मी पहिलं घेतलं. बाटलीवर नुसतं "बायोडिग्रेडेबल" लिहिलेलं असतं त्याला फारसा अर्थ नाही, कारण उशिरा का होईना, बऱ्याच गोष्टी कुजतात. शीटमध्ये "सहज जैवविघटनशील" असं लिहून चाचणीचं नाव दिलेलं असेल तर अर्थ आहे. त्या चाचण्यांत २८ दिवसांत पदार्थाचा मोठा भाग, साधारण ६० टक्क्यांवर, विघटित व्हावा लागतो. माझ्या बाटलीच्या शीटमध्ये ते होतं.

तरीही आज माझ्या महिन्यातल्या चारपैकी तीन धुण्यांना ती बाटली उघडतच नाही. आधी कोरडं पुसणं. आपल्या गावात टॉवेलच्या कारखान्यांतले रिजेक्ट तुकडे किलोवर मिळतात, जाड, पाणी पिणारे. चेन त्या तुकड्यात धरून पेडल मागं फिरवलं की निम्म्याहून जास्त काळं तिथंच उतरतं, कुठल्याही द्रवाशिवाय. मी हे आधी कधीच केलं नव्हतं, सरळ रॉकेलवर जात होते. मग तांब्याभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड, जुना दात घासायचा ब्रश, आणि दोन-तीन मिनिटं. लिक्विड दाट राहावं म्हणून त्यात मीठ असतं, ते चेनवर राहिलं तर गंज धरतो, म्हणून धुणं नीट हवं आणि वाळवणं लगेच हवं. वाळवण्याची काळजी सोलापुरात करायची नाही. मार्चपासून गच्चीवर दहा मिनिटांत चेन हाताला चटका देते. पावसाळ्यात मात्र फडक्यानं पुसून पंख्याखाली.

या सगळ्याला लागतं दोन लिटर पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात सायकलवर पाइप सोडणं मला जमत नाही, आणि पाइपच्या जोरानं बेअरिंगमध्ये पाणी शिरतं ते वेगळंच.

बेअरिंगवरून आठवलं. सौम्य डिग्रीजर मिळाल्याच्या आनंदात मी एकदा मोठी चूक केली. सायकल उभी ठेवून मागच्या गिअरच्या चक्र्यांवर भरपूर ओतलं आणि पाच मिनिटं मुरू दिलं. पंधरा दिवसांनी मागचं चाक फिरताना करकर वाजायला लागलं. चाचांनी उघडलं तर आतलं ग्रीस धुऊन गेलेलं, छर्रे कोरडे. द्रव कितीही सौम्य असो, ग्रीस काढणं हाच त्याचा धर्म, आणि ते कुठलं ग्रीस ठेवायचं हे ओळखत नाही. चाचांनी दाखवलेली पद्धत अशी की चाक काढायचं, चक्र्या जमिनीकडं करून तिरकं धरायचं, म्हणजे ओघळ हबकडं, चाकाच्या मध्यातल्या बेअरिंगकडं, न जाता खाली पडतो, आणि द्रव बाटलीतून ओतायचं नाही, ब्रशला लावून घ्यायचं. चेनला जोडकडी असेल तर ती काढून चेन वेगळीच धुवावी, सर्वांत उत्तम. माझ्या चेनला आहे.

डिस्क ब्रेकच्या तबकडीवर मी प्लास्टिकची पिशवी बांधते. तिला यातलं काहीही लागता कामा नये, डिग्रीजरही नाही आणि तेलाचा फवारा तर मुळीच नाही, नाहीतर पॅड तेल पितात आणि ब्रेक लागत नाही. तबकडी पुसायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. कोविडच्या वेळचं सॅनिटायझर घरात उरलं होतं, तेच लावणार होते, मग त्याच्या बाटलीवर ग्लिसरीन वाचलं. हात कोरडे पडू नयेत म्हणून घातलेलं ते ग्लिसरीन तबकडीवर थर सोडतं. शुद्ध आयसोप्रोपिलच घ्यावं. त्याचा ज्वलनांक मात्र १२ अंशांच्या आसपास, म्हणजे रॉकेलपेक्षा कितीतरी भडक. छोटी बाटली, चार थेंब फडक्यावर, देवघरातला दिवाही लांब.

धुतलेलं काळं पाणी पूर्वी मी अंगणातल्या गटारीत ओतायचे. आता बरणीत दोन-तीन दिवस ठेवते. काळी माती आणि लोखंडाचा कीस तळाशी बसतो, तेल वर तरंगतं. वरचं तेल टॉवेलच्या तुकड्यानं टिपून घेते, मधलं साबणाचं पाणी ड्रेनेजला, तळाचा गाळ त्याच तुकड्यात. तुकडे गच्चीवर पसरून वाळवते, गोळा करून कोपऱ्यात ठेवत नाही, आणि मग वेगळ्या पिशवीत घंटागाडीवाल्या मावशींच्या हातात, हे घातक आहे असं सांगून. पहिल्यांदा त्यांनी पिशवी उघडून विचारलं होतं. आता वेगळीच टांगतात.

चेन वाळल्यावर प्रत्येक रोलरवर एकच थेंब तेल, पेडल फिरवून मुरवायचं, आणि बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. मी कड्या मोजत थेंब टाकते, ११२ आहेत. तेवढा वेळ घरातलं कुणी हाक मारत नाही.

उरलेलं रॉकेल चाचांना नेऊन दिलं. चाचा जुन्या, वर्षानुवर्षं न धुतलेल्या फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चक्र्या, अजून डिझेलमध्येच काढतात, आणि त्यांच्या कामाला ते लागतं हे मला मान्य आहे. उघड्यावर, बिडी न पेटवता, सायकलपासून वेगळं काढलेल्या लोखंडी भागाला. मी एवढंच सांगितलं की भरदुपारी नको, पहाटे किंवा दिवस कलल्यावर करा. आणि भाच्याची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते तेव्हा त्यांच्या पायाशी कोल्ड्रिंकच्या बाटलीत डिझेल होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, काही बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात ब्रेकचे पॅड बदलायला गेले. डिझेल पत्र्याच्या डब्यात, फळीवर, डब्यावर लाल रंगानं "डिझेल". खाली घमेल्यात चाचांचा नातू ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता.